गायरानावरचा कप

थंडी मला आवडत नाही. खानदेशात हे बोलणं म्हणजे अन्नाला नावं ठेवण्यासारखं आहे. आठ महिने ज्या मातीवर उभं राहता येत नाही, तिथे हे दोन-अडीच महिनेच काय ते माणसाला माणसासारखे मिळतात. मार्गशीर्ष लागला की धुळ्याच्या आमच्या गल्लीत संध्याकाळी वांगी भाजल्याचा वास सुटतो. शाळेतल्या बाया नवे स्वेटर घालून येतात, पांझरा नदीकडून येणाऱ्या वाऱ्याचं कौतुक करतात. मी शाल घट्ट ओढते आणि फेब्रुवारीची वाट बघते.

परवा आमच्या शिक्षकांच्या खोलीतल्या टीव्हीवर बायकांचा गोल्फ लागला होता. परदेशातली कुठली तरी मोठी स्पर्धा. जिंकलेल्या बाईने बूट काढले आणि सगळ्यांसमोर तळ्यात उडी मारली. तिच्यामागून तिची पिशवी उचलणाराही उडी मारून मोकळा झाला. दोघं ओलेचिंब होऊन हसत होते. खेळाचं वर्णन सांगणारा म्हणाला की जिंकणारीने पाण्यात उडी मारायची ही इथली परंपरा आहे. माझ्या शेजारच्या बाईंनी मला विचारलं, तुम्हाला त्यातलं काही कळतं का हो? मी म्हटलं, सगळं कळतं. आणि उठून वर्गावर गेले. तास माझा नव्हता.

आमचं गाव जळगाव आणि धुळ्याच्या मधलं. हमरस्त्यापासून आत कोसभर. गावाला लागून एका कंपनीची वसाहत होती, पांढऱ्या चुन्याच्या भिंतींची, आणि वसाहतीला लागून तिचा क्लब. क्लबाचं मैदान हे मुळात गावाचं गायरान. ते कंपनीकडे कसं गेलं याची एक गोष्ट गावात सांगत आणि दुसरी क्लबात. क्लबातली गोष्ट भिंतीवर चौकटीत लावलेली होती: स्वातंत्र्याच्या आधी पहिल्या मॅनेजरच्या मडमेने या ओसाड माळावर नऊ डबे पुरले, त्यांत नऊ निशाणं रोवली, आणि पाच मैत्रिणींना घेऊन गोल्फची पहिली स्पर्धा खेळली. ओसाड हा शब्द तिथे होता. आमच्या आजोबांच्या वेळी त्या ओसाडीवर गावाची सगळी ढोरं चरायची.

मडम गेली, दुसऱ्या आल्या, मग आपल्याच बाया आल्या, पण दर वर्षी ऐन थंडीत बायकांचा कप व्हायचाच. त्याच्या रीती ठरलेल्या होत्या. हिरवळ नव्हतीच. निशाणाभोवती तेल पाजलेली रेती असायची, तिला ब्राउन म्हणत. एका दिवसात नऊ निशाणांच्या दोन फेऱ्या. ज्या बाईला सगळ्यांत कमी फटके लागतील ती जिंकली. तिने चांदीच्या वाडग्यातून सरबत प्यायचं, आणि तिचं नाव सागवानी पाटीवर सोनेरी अक्षरांत चढायचं. लागोपाठ तीन वर्षं जिंकली तर वाडगा तिच्या घरी. आणि या सगळ्या बायांच्या काठ्यांच्या पिशव्या उचलायच्या गावातल्या बायांनी, पुरुषांनी नाही. पहिल्या मडमेला ते बरं वाटत नव्हतं म्हणे. आमच्या बायांना झोळीवाल्या म्हणत.

शेवटची रीत अंगठ्याची. पहिल्या वर्षी त्या पाच मैत्रिणी फटक्यांवरून इतक्या भांडल्या की मडमेने नियम केला: प्रत्येकीच्या कार्डावर तिच्या झोळीवालीचा अंगठा पाहिजे. झोळीवाली सबंध वेळ बरोबर चालते, ती सगळं बघते, ती म्हणाली बरोबर तर बरोबर. नियम चांगला होता. त्या मडमेबद्दल माझ्या मनात एवढी एकच बरी गोष्ट आहे. पण माझ्या वेळेपर्यंत त्यातलं विचारणं गळून गेलं होतं आणि अंगठा तेवढा उरला होता. मांडवात टेबलावर शाईची गादी ठेवायची, बाया रांगेने यायच्या, अंगठा उमटवायच्या, फोटो निघायचा, मग प्रत्येकीला एक हिरवी साडी. दर वर्षी तीच हिरवी. बाजारात, लग्नात, मयतीला, कुठेही ती साडी दिसली की लोक ओळखायचे, ही झोळीवाली.

माझी माय पंधरा वर्षं झोळीवाल्यांची मुकादमीण होती. गाव तिला अक्का म्हणायचं. कोणती बाई कोणाच्या पिशवीला लावायची हे ती ठरवायची, आणि तिचा शब्द वसाहतीतही चालायचा. साडीसाठी कोणी जात नव्हतं. बाया जायच्या ते गवतासाठी. कप संपला की दुसऱ्या दिवसापासून होळीपर्यंत झोळीवाल्यांच्या सतरा घरांना मैदानाच्या कडेचं गवत कापायची मुभा होती. ज्यांच्याकडे शेत नाही, म्हणून कडबा नाही, त्यांची ढोरं त्या गवतावर जगायची. आपल्याच गायरानाचं गवत आपण बक्षीस म्हणून घेतो, हे मी एकदा मायला बोलले. ती म्हणाली की गाईला ते सांगून बघ.

मी बारावी झाले होते. धुळ्याला डी. एड. ला नंबर लागेल अशी आशा होती, तोवर घरी होते आणि कपाशीच्या शेवटच्या वेचणीला जात होते. त्या वर्षी कपाच्या दोन दिवस आधी एका झोळीवालीच्या पायाला विळा लागला. तिच्या जागी माय मला घेऊन गेली. मला जायचं नव्हतं. मी वाटेत दोनदा थांबले. माय मागे वळून बघतसुद्धा नव्हती, तिला माहीत होतं मी येणार.

मला मिळाल्या दिवाण बाई. वसाहतीच्या सगळ्यांत मोठ्या इंजिनिअरच्या बायको. दोन वर्षं लागोपाठ जिंकलेल्या, म्हणजे या खेपेला वाडगा घरी न्यायचं वर्ष. उंच, अंगाने सडसडीत, हातात पांढरा मोजा. त्यांनी माझं नाव विचारलं नाही. पिशवी खांद्यावर घेतली तेव्हा दवाने ओल्या गवतावर माझ्या चपला घसरत होत्या, सातपुड्याकडून वारा कानात शिरत होता, आणि त्या मला हिंदीत सांगत होत्या की मी खेळताना श्वाससुद्धा हळू घ्यायचा. खेळायच्या मात्र सुंदर. हे मला आजही लपवता येत नाही. त्यांची काठी वर गेली की हवा कापल्याचा एक आवाज यायचा, आणि चेंडू इतका दूर जायचा की मी रागावायचं विसरून जायचे.

दुसऱ्या फेरीपर्यंत त्यांच्या बरोबरीला एकच बाई उरली होती, वसाहतीच्या दवाखान्यातल्या सिस्टर. त्या पुढच्या जोडीत खेळत होत्या. साहेबाची बायको नसलेली बाई कपात खेळते हेच अनेकींना खुपत होतं, आणि ती जिंकेल की काय या भीतीने त्या दिवशी मांडवातलं हसणं जरा जास्तच मोठं होतं.

सातव्या निशाणाच्या आधी नाला आहे. कोरडा, खोल, बाभळींनी भरलेला. दिवाण बाईंचा पहिलाच फटका त्यात गेला. त्या तरातरा उतरल्या. माझी ओढणी काठावरच्या बाभळीत अडकली, ती सोडवून मी खाली पोचले तोवर त्या चेंडूसमोर काठी धरून उभ्या होत्या. त्यांच्या जोडीदारीण बाई पलीकडे दूर, त्यांना आतलं काही दिसत नव्हतं. दिवाण बाईंनी मारलं. धूळ उडाली, चेंडू जागचा हलला नाही. परत मारलं, तो दगडाला लागून पायाशी आला. तिसऱ्यांदा मारलं, तो मुळात रुतला. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, विनवणीनेही नाही. घरात आपण मोरीच्या दगडाकडे बघतो तसं. वाकून चेंडू हातात घेतला आणि वर मैदानात फेकून दिला. वर जाऊन एका फटक्यात तो ब्राउनवर नेला, आणि दोन हलके मारून डब्यात घातला. जोडीदारीण बाईंनी विचारलं किती. त्या म्हणाल्या, पाच.

मी बोटांवर आठ मोजले होते. हाताने फेकलेला मी एक धरला होता. त्या खेळात त्याची शिक्षा किती असते ते मला तेव्हा माहीत नव्हतं.

उरलेल्या दोन निशाणांपर्यंत ती पिशवी मला दुप्पट जड झाली. मला न्यायाची वगैरे काही पडलेली नव्हती. तसं मी पुढे अनेक वर्षं स्वतःला सांगत आले, पण ते खरं नाही. मला त्या नजरेचा राग आला होता. कोणी बघत नाही म्हणून त्यांनी चोरी केली असती तर मी कदाचित गप्प बसले असते. मी बघत असताना केली, आणि तरी त्यांच्या लेखी कोणी बघत नव्हतं.

मांडवात सगळ्यांची बेरीज झाली. दिवाण बाई एका फटक्याने जिंकल्या होत्या, सिस्टर दुसऱ्या. टाळ्या झाल्या. वाडगा पुसून ठेवला होता. झोळीवाल्या रांगेत लागल्या, मुकादमीण म्हणून माय सगळ्यांत पुढे, मी तिच्या मागे. क्लबाच्या सेक्रेटरींनी माझ्यासमोर कार्ड सरकवलं, गादी पुढे केली. मी पेन मागितलं.

ते मराठीच होते, सभ्य होते. हसून म्हणाले, "सही नाही चालत बाळ. अंगठाच लागतो. परंपरा आहे."

मी म्हटलं की मला लिहिता येतं. ते म्हणाले की ते छानच आहे, पण पन्नासेक वर्षांत या कार्डांवर कधी सही झालेली नाही, उगीच एक कार्ड वेगळं दिसेल. परंपरा हा शब्द मी शाळेत निबंधात पुष्कळदा लिहिला होता. माझ्या अंगावर उगारलेला मी तो तेव्हा पहिल्यांदा पाहिला. मी विचारलं की हा अंगठा कशाबद्दल असतो. त्यांनी गादी आणखी पुढे सरकवली. मग मीच बोलले, आणि मोठ्याने बोलले, कारण हळू बोलले असते तर रडले असते.

"सातव्याला पाच नाहीत. आठ आहेत. पाचाचे आठ करा, मग अंगठा देते."

 दिवाण बाई माझ्याशी बोलल्या नाहीत. त्या मायकडे वळल्या, आणि तोडक्यामोडक्या मराठीत शांतपणे म्हणाल्या, "अक्का, मुलीला सांभाळा. गवत कापायचं आहे ना उद्यापासून?"

सेक्रेटरी कार्डाकडे बघत राहिले. सिस्टर रुमालाने आपले बूट पुसत राहिल्या. मी मायकडे पाहिलं. मला वाटलं होतं, ती मला मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. ती पुढे झाली, मला खांद्याने बाजूला केलं, गादीवर आपला अंगठा दाबला आणि माझ्या कार्डावर उमटवला. सेक्रेटरींनी टिपकागद ठेवला. फोटो निघाला. त्या फोटोत माय ताठ उभी आहे आणि तिच्या मागे माझा अर्धा हात.

मी साडी न घेता घरी आले. ती साडी मायने उचलून आणली आणि माझ्या अंथरुणावर ठेवली. मी ती बाहेर ओसरीवर फेकली. तिने उचलून घडी घातली, पेटीत ठेवली. यात आम्ही एक शब्द बोललो नाही, आणि पुढचे चार महिने जवळपास असेच गेले. एका खोलीच्या घरात न बोलता राहायला फार ताकद लागते. भाकरी पुढे सरकवायची, पण ताटाकडे बघत. दिवा विझवायचा, पण न विचारता. थंडीचा एक वेगळाच वास मला त्या दिवसांत कळला, ओल्या राखेचा. तो आजही आला की मी खिडकी लावून घेते.

गवत मिळालं. मायच्या अंगठ्याने ते वाचलं होतं. पण विहिरीवर मी गेले की बाया हंडे बाजूला ओढून घेत. त्यांतली शकू मावशी, जिने मला अंगाखांद्यावर खेळवलं, ती मला म्हणाली, "तू शिकेल शे, उद्या धुयाले चालनी जाशी. आम्ही आठेच ऱ्हासूत." तू जाशील, आम्ही इथेच राहणार. मी हंडा भरला आणि निघाले. 

सिस्टरकडून मला काहीतरी वेगळं अपेक्षित होतं, हे कबूल करते. कापसाच्या बोंडाने फाटलेली बोटं दाखवायला मी दवाखान्यात गेले, तेव्हा त्यांनी औषध लावलं, पट्टी बांधली, आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "मध्ये पडायला तुला कोणी सांगितलं होतं?" त्यांना पुढच्या वर्षीही याच वसाहतीत राहायचं होतं. "दुसरी आले त्यात मी सुखी होते," त्या म्हणाल्या. पट्टी मात्र त्यांनी इतकी नीट बांधली होती की आठवडाभर सुटली नाही.

जूनमध्ये माझा धुळ्याला नंबर लागला. एसटीत बसवायला माय आली, पिशवीत ज्वारी-उडदाच्या, कळण्याच्या भाकरी दिल्या, आणि गाडी सुटायच्या आधीच निघून गेली.

त्यानंतरच्या थंडीत क्लबाने दोन चाकांच्या छोट्या गाड्या आणल्या. पिशव्या त्यांवर ठेवून खेळणारीने स्वतः ओढायच्या. झोळीवाल्यांची गरज उरली नाही, अंगठ्यांची तर नाहीच. पन्नास वर्षांची परंपरा एका पावसाळ्यात मोडली आणि कोणाला त्याचं काही वाटलं नाही. मला गावाहून पत्र आलं तेव्हा मी हसले होते. दुष्टपणे हसले. मायने माझं खरं विकून जे घेतलं ते एकच वर्ष टिकलं होतं. मग क्लबाने मैदानाभोवती काटेरी तार ओढली, आणि गवत कापायची मुभा गेली. कडेचं पवन्या गवत माणसाच्या कमरेइतकं वाढून उभं वाळलं. सतरा घरं तारेच्या अलीकडून ते वाळताना बघत होती. त्या घरांतल्या दोन गाई त्या उन्हाळ्यात मेल्या.

त्याच्या पुढच्या थंडीत, वर्गावर पाठ घेऊन दाखवायच्या माझ्या परीक्षा चालू असताना, कपाच्या दिवशी सकाळी माय उठली. हे मी पाहिलं नाही, सगळं ऐकलेलं आहे, पण ऐकवणारे इतके होते की मला पाहिल्यासारखं आठवतं. तिने पेटीतली हिरवी साडी नेसली. सतरा घरांची ढोरं सोडायला लावली. नाल्याच्या बाजूला तारेचा खांब मुळापासून कुजला होता, तो तिने आणि शकू मावशीने ढकलून आडवा केला, आणि सगळी ढोरं मैदानात घातली. बाया तिसऱ्या निशाणावर खेळत होत्या. म्हशी ब्राउनवर जाऊन बसल्या, तेलाची रेती उबदार असते. एका गोऱ्ह्याने निशाणाचं फडकं चघळलं. दिवाण बाई काठी उगारून धावल्या, तर शकू मावशी त्यांना म्हणाली की श्वास जरा हळू घ्या, गाय बिचकते. हे तिला कोणी सांगितलं होतं कोणास ठाऊक. मी तर तिच्याशी तेव्हा बोलत नव्हते. बहुधा ते त्या सगळ्याच झोळीवाल्यांनी कधी ना कधी ऐकलं होतं.

कप त्या दिवशी झाला नाही. ढोरं गावच्या कोंडवाड्यात कोंडली गेली.

मला दुसऱ्या दिवशी निरोप मिळाला. पाठ संपवून मी मिळेल त्या एसटीने निघाले. वाटभर मी काय बोलायचं ते जुळवत होते, त्यातलं निम्मं टोचून बोलायचं होतं. कोंडवाड्याच्या फाटकासमोर सतरा बाया उन्हात बसल्या होत्या. माय भिंतीला टेकून होती, पदरावर रेतीचं तेल. तिने मला बघितलं आणि थोडी सरकली. मी बसले. तिने परीक्षेचं विचारलं नाही. आत ढोरं हंबरत होती. पंचायतीचा शिपाई येरझाऱ्या घालत होता, कारण कोंडलेल्या ढोरांना चारा घालायचं काम पंचायतीचं, आणि एवढा चारा पंचायतीकडे नव्हता.

माय समोर बघत बोलली. "आठ नही व्हतात. नऊ व्हतात."

मला कळायला वेळ लागला.

"तू खाले उतरनी त्याना पहिले एक मारेल व्हता तिनी," ती म्हणाली. म्हणजे मी वर ओढणी सोडवत होते तेव्हा. त्या दिवशी ती नाल्याच्या वरच्या अंगाला होती. मुकादमीण म्हणून ती सगळ्या मैदानभर फिरायची. तिने सगळं बघितलं होतं, माझ्याहून एक जास्त.

माझा राग उतरेल असं वाटलं होतं. तो वाढला. माहीत नसताना तिने अंगठा दिला, असं मी दोन वर्षं धरून चालले होते, आणि तेवढ्यापुरती तिला सूट देत होते. आता तीही गेली. मी विचारलं, मग दिलास कशाला.

ती म्हणाली, "तवय ढोरं उपाशी व्हतात."

"आणि आता?"

"आते बी शेतंच की." आताही उपाशी आहेतच.

दुपारी सरपंच आले, शिपायाशी काही बोलले आणि फाटक उघडलं. ढोरं धक्काबुक्की करत बाहेर पडली. बाया उठल्या, साड्या झटकल्या. मी तिला माफ केलेलं नव्हतं, तिने माफी मागितलीही नव्हती. तिने आमच्या गाईचं दावं माझ्या हातात कोंबलं आणि पुढे निघाली. गावाची वाट डावीकडे होती. ती उजवीकडे वळली, क्लबाच्या तारेकडे. बाकीच्या सोळाजणी तिच्या मागे वळल्या. मी धुळ्याहून नेसून आलेली चांगली साडी गुडघ्यापर्यंत खोचली आणि गाईला हाकललं.